तिला घेता येत नसे

जगात पुष्कळ अडाणी माणसं मी पाहिली, त्यात पहिला नंबर माझा. पण घेण्याच्या बाबतीत आमच्या हिच्याइतकं ठार अडाणी माणूस पृथ्वीच्या पाठीवर झालं नसेल. कुणी काही दिलं की तिला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं, आणि ते झटकून टाकल्याशिवाय, म्हणजे त्याच्या दुप्पट परत दिल्याशिवाय, तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं कामसुद्धा तेच. मंगळवार होता, कचरेवाल्यांचा दिवस. शेजारच्या डोरीननं स्वतःचं कचऱ्याचं बिन आत नेताना आमचंही आत ओढून ठेवलं. वीस पावलांचं काम. हिनं ते खिडकीतून पाहिलं आणि तडक बटाटे उकडायला लावले. मी म्हटलं, अगं, बिन ओढलं तिनं, किडनी नाही दिली. ही मिरच्या वाटत राहिली. मी बटाटे सोलले, तिनं वडे तळले. आठ झाले. सहा डोरीनला, दोन आम्हाला. मी ताटलीवर रुमाल झाकून गेलो, डोरीननं दार उघडलं, ताटली बघितली आणि कपाळाला हात लावला. तिला ही सवय आमच्यामुळेच लागली असावी. मी परत आल्यावर आम्ही ओट्याशी उभ्यानंच एकेक वडा खाल्ला. मीठ कमी होतं, मी तसं बोललो. 'त्यांना कमीच लागतं,' ती म्हणाली आणि जरा पडते म्हणून वर गेली. चार वाजता चहाला हाक मारली तेव्हा ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल. नसेल. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. ती जिवंत असताना काय काय करायची ते लिहायचंय.

लंडनच्या कडेला, इल्फर्डमध्ये, आम्ही चाळीसच्या वर वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत आमच्या रस्त्यावर हिच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. मीटर बघायला आलेला माणूस चिवड्याची पुडी घेऊन जायचा. मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरला तिनं पट्टी सुटायच्या आधी, चाचपडत, शंकरपाळ्यांचा डबा दिला होता. बसमधून जायचं म्हणजे पर्समध्ये चार संत्री असायचीच, आणि ती खायला नसायची. कुणी उठून जागा दिली की त्याच्या हातात संत्रं. टाय लावलेला एक गोरा साहेब ते संत्रं हातात धरून, दुसऱ्या हातानं दांडीला लटकून, थेट रॉमफर्डपर्यंत गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय; बिचाऱ्याला ते सोलावं की खिशात टाकावं हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी पुढे पुढे हिच्यासोबत बसायला लाजायचो आणि मागे जाऊन उभा राहायचो. मग कुणीतरी मला जागा द्यायचा, आणि ही पुढून, सगळी बस ओलांडून, माझ्या वतीनं संत्रं पाठवायची.

शाळेत ती मुलांना जेवण वाढायला होती. एका पोराला बटाट्याचा एक डाव, असा तिथला नियम. हिचा डाव एकच असायचा, पण तो इंग्रजांच्या डावासारखा सपाट नसायचा, आपल्याकडे पंगतीत शिरा वाढतात तसा डोंगर असायचा. मुख्याध्यापिकेनं तिला बोलावून समजावलं. ही मान डोलावून आली आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्याच ताटात दोन डोंगर केले, कारण त्यांनी तिला ऑफिसात बसायला खुर्ची दिली होती.

डोरीनचं प्रकरण तर युद्धावर गेलं होतं. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या नाताळात तिनं मनुकांचं सारण भरलेले सहा 'मिन्स पाय' आणून दिले. हिनं चोवीस करंज्या दिल्या. डोरीननं भलेपणानं मुरंब्याची बरणी दिली. हिनं त्या बरणीत लोणचं घालून, वर एक विणलेला स्वेटर ठेवून परत केली. डोरीन घाबरली, तिनं एक अख्खा केक केला. हिनं तिच्या बैठकीच्या खोलीचे पडदे शिवले. असं दोन वर्षं चाललं. शेवटी एकदा मी मागच्या बागेत असताना डोरीन कुंपणापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, की मी एकटी बाई आहे, मला मधुमेह आहे, तुझ्या बायकोला सांग, मी शरण आले. मी येऊन तसं सांगितलं. हिला वाईट वाटलं, आणि तिनं मधुमेहाला चालतील असे मेथीचे लाडू केले.

हे असं का, ते मला ठाऊक होतं. पण मी त्याचा विनोद करायचो. ते कारण पुढे येईल. आधी बेटाचं सांगतो.

आम्हाला एकच मुलगी, उज्ज्वला. उशिरा झालेली. ब्रॅकनेलला सुईणीचं काम करायची, चांगली नोकरी, स्वतःचा फ्लॅट. एक दिवस म्हणाली, वर्षभर वानुआतूला जाते, तिथे एका बेटावर सुईण नाही. मी जहाजावर भांडी घासत निम्मी दुनिया फिरलो, पण हे नाव मला नवीन होतं. नकाशात बघितलं तर ऑस्ट्रेलियाच्याही पुढे, निळ्या पाण्यात कुणी मोहरी सांडल्यासारखी बेटं. वर्षाची दोन वर्षं झाली. मग फोन आला, की तिथल्या शाळेतल्या मास्तराशी लग्न करतेय, जोनास नाव, आणि त्याचा बाप गावचा चीफ आहे, म्हणजे आपल्याकडचा गावप्रमुख.  मी विचारलं, काळा आहे का. ती म्हणाली, 'पप्पा, आधी आरसा बघून या.' विषय संपला. आमच्या नात्यातल्यांनी फोन करकरून विचारलं, त्यांच्यात जात कुठली. हिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की तिथं जात विचारत नाहीत, डुकरं किती ते विचारतात.

डुकरांचं खरं होतं. तिथं लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. सुळेवाली डुकरं, विणलेल्या चटया, कंदमुळांचे ढीग. मुलीकडच्यांनी नुसतं बसायचं आणि स्वीकारायचं. परत काही द्यायचं असेल तर ते पुढे, वर्षा-दोन वर्षांनी, मूल झालं की. पोरीनं हे फोनवर तीन वेळा समजावलं, कारण तिला आई ठाऊक होती. 'आई, काही आणायचं नाही. माझी लग्न आहे, तुझी नाही. प्रॉमिस कर.' पोरीचं मराठी असंच आहे, पण निरोप स्पष्ट होता. हिनं प्रॉमिस केलं. फोन ठेवला. आणि माळ्यावरून दोन्ही मोठ्या बॅगा काढायला मला शिडी लावायला सांगितली.

त्या बॅगांत काय नव्हतं. सहा इरकली लुगडी, अकरा टॉवेल, स्टीलच्या डब्यांचा संच, बेसनाचे लाडू, कुकर, चांदीचं ताम्हन. लंडनहून सिंगापूर, तिथून ऑस्ट्रेलिया, तिथून त्यांची राजधानी, तीन दिवस आम्ही ते ओझं ओढत होतो. राजधानीतून बेटावर जायला विमान म्हणजे आपली वडाप जीप, फक्त पंख लावलेली. आठ माणसं बसतात. त्यामुळे बॅगांबरोबर माणसंही वजनकाट्यावर उभी करतात आणि आकडा मोठ्यानं वाचतात. हिनं बॅगांचं वजन भरू नये म्हणून अंगावर तीन लुगडी एकावर एक नेसली होती आणि कोटाच्या खिशांत लाडू कोंबले होते. काट्यावरच्या पोरानं आकडा वाचला, मग तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा काट्याकडे बघितलं. ही मला म्हणाली, 'सगळ्या जगासमोर वजन काढलं माझं.' मी म्हटलं, तुझं नाही, तुझ्या लाडवांचं.

खाली उतरलो ते गवतावर. गायी हाकलल्या, मग विमान टेकलं. आणि दार उघडल्याबरोबर जो वास आला ना, ओली माती, धूर, पिकलेला फणस, तो आत ओढून ही पायरीवरच थांबली. आम्ही रत्नागिरीकडचे. समुद्र तोच, माड तेच. परसात अळू, वेलावर करांदे, कुंपणाला केवडा, झाडाला नीरफणस. बायका बसून नारळ खवत होत्या. दुपारी जेवायला पानात गुंडाळून तापल्या दगडांत भाजलेलं काहीतरी आलं. कंद किसून नारळाच्या दुधात कालवलेला, त्याला ते लापलाप म्हणतात. हिनं पान उलगडलं, एक घास घेतला आणि मला म्हणाली, अहो, ही तर पानगी. चाळीस वर्षं इल्फर्डमध्ये आल्यागेल्याला आपण कुठले ते समजावत होतो, आणि इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला समजवायला काही उरलंच नव्हतं.

पण खरी गंमत म्हणजे आमच्या विहीणबाई. जोनासची आई. गोल चेहऱ्याची, फुलाफुलांचा झगा घालणारी, मोठ्यानं हसणारी बाई, आणि स्वभावानं हिची सख्खी बहीण शोभेल अशी. पहिल्या दिवशी तिनं भाजलेला नीरफणस पाठवला. हिनं दहा लाडू पाठवले. संध्याकाळी विहीणबाईंनी कोंबडी पाठवली, जिवंत. हिनं लुगडं पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चटया आल्या, केवड्यासारख्या पानांच्या, तांबड्या नक्षीच्या, एकेक करायला महिना लागतो म्हणे. हिनं डब्यांचा संच दिला. मग दोन माणसांनी खांद्यावर बांबू घालून केळीचा घड आणला. हिनं कुकर दिला, आणि नुसता दिला नाही, जाऊन चुलीवर लावून दाखवला. गावातल्यांनी शिटी शांतपणे ऐकून घेतली. दचकलो मी एकटा, कारण मी झाडाखाली झोपलो होतो. दोन घरांच्या मधल्या वाटेवर गावातली पोरं बैठक मारून बसायची, आता इकडून काय जातंय आणि तिकडून काय येतंय ते बघायला. उज्ज्वला आईला हात जोडून सांगत होती, बस कर. ही म्हणायची, अगं, कोंबडी जिवंत दिली गं त्यांनी. मीही हसत होतो. मला वाटलं, चला, आयुष्यभरात हिला एक तरी तोडीस तोड भेटली.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, चीफनं मला बोलावणं धाडलं. गावाच्या कडेला एका मोठ्या वडासारख्या झाडाखाली पुरुष जमतात आणि कावा पितात. कावा म्हणजे एका मुळाचा रस, करवंटीतून घ्यायचा, चव चिखलाची आणि दोन करवंट्यांनंतर जीभ आपली राहत नाही. चीफ माझ्याच वयाचा, वाळका, अंगात लंडनच्या एका फुटबॉल क्लबचा विटका शर्ट. तो काही वर्षं न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जायचा, त्यामुळे त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, कामापुरतं. म्हणून आमचं चांगलं जमायचं. त्या दिवशी मात्र तो करवंटीतच बघत बसला. मग करवंटी खाली ठेवून त्यानं विचारलं, तुझ्या बायकोला माझा मुलगा पसंत नाही का.

मी म्हटलं, कोण म्हणालं. तो म्हणाला, ती म्हणतेय, तीन दिवस झाले. आम्ही देतो ते तुम्ही ठेवलंत तर आपण एकमेकांचे होतो. तुम्ही तर संध्याकाळच्या आत परत करता, वर जास्त घालून. असं पाहुणे करतात, ज्यांना उद्या निघून जायचंय आणि मागे काही ठेवायचं नाही असे. माझे भाऊ विचारतायत, डुकरं बांधून आणायची की सोडून द्यायची. उद्या सगळ्यांसमोर तिनं परत काही दिलं, तर मी ते लग्न झालं असं म्हणू शकणार नाही. मला म्हणायचं असलं तरी. तो रागावला नव्हता. तो ओशाळला होता, आणि तेच मला बघवेना. आमच्या घरातल्या माणसामुळे एखादा बाप असा खाली मान घातलेला मी पूर्वी एकदाच पाहिला होता, आणि तेव्हा ते भलेपणानं झालेलं नव्हतं.

घरी आलो. अजून उजेड होता. पोरगी ओसरीवर बसली होती, तिच्या कानावर सगळं आलेलं होतं, डोळे सुजले होते. ही आत शेवटची बॅग उघडून बसली होती. उद्यासाठी राखून ठेवलेली. ताम्हन, उरलेली लुगडी, जावयाला कापड, चीफला शाल. मी सांगितलं, उद्या यातलं काही बाहेर काढायचं नाही. नाहीतर पोरीचं लग्न मोडेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अहो, मुलीकडचे आहोत आपण. रिकाम्या हातानं बसू? लोक काय म्हणतील.

आता ते कारण सांगतो. आमचं लग्न झालं तेव्हा हिचे वडील सुतार होते, चार मुलींचे बाप. त्यांनी आहेरात पाच पितळी भांडी मांडली होती, घासून लखलखीत केलेली. माझ्या आईनं मांडवात, सगळ्यांच्या देखत, त्यातलं एकेक भांडं उलटं करून बघितलं आणि विचारलं, 'एवढंच?' हिचे वडील हात जोडून उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. मी मुंडावळ्या बांधून तिथंच होतो, तीन हातांवर. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. नवे होते. त्या दिवसानंतर ह्या बाईनं जन्मात कुणाला ते म्हणायची संधी दिली नाही. इंग्रजाला नाही, बसमधल्याला नाही, मीटरवाल्याला नाही. आणि आम्ही त्यावर एक शब्द कधी बोललो नव्हतो, चव्वेचाळीस वर्षं.

त्या संध्याकाळी बोललो. मला गोड बोलता येत नाही, मी आहे तसं बोललो. म्हटलं, माझ्या आईनं तुझ्या बापाला मांडवात उभं केलं आणि मी तोंड उघडलं नाही. ते चुकलं माझं. पण इथं मांडव उलटा आहे. उद्या त्या पोराचा बाप उभा राहणार आहे, आणि तू बसणार आहेस. तू परत काही पुढे केलंस, तर तू त्याला चारचौघांत 'एवढंच?' म्हणालीस असं होईल.

तिनं ताम्हन हातात होतं ते बॅगेत ठेवलं, लुगडी ठेवली, शाल ठेवली. चेन लावली आणि बॅगेवर बसली, जसं काही ती आपली आपण उघडेल आणि आतलं सगळं बाहेर येईल. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, 'मग मी काय करू उद्या?'

'काही नाही.'

'काही नाही कसं करतात?'

मी म्हटलं, हात मांडीवर ठेवून बसायचं. 

दुसऱ्या दिवशी गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळं जमलं. नाच झाला, पाय आपटले की जमीन बसल्या जागी हलायची. मग मुलाकडचे एकामागून एक आले आणि आमच्यापुढे ठेवत गेले. चटया, माणसाच्या उंचीचे कंद, कंदांना फुलं बांधलेली, कापडाचे तागे, शेवटी दोन डुकरं, वळणदार सुळ्यांची, ती बघायला शेजारच्या गावचे लोक आले होते. ढीग माझ्या छातीपर्यंत आला. ही माझ्या शेजारी चटईवर बसली होती, हात मांडीवर, मीच तसे ठेवायला सांगितले होते. समोर विहीणबाई, एरवी हसणाऱ्या, त्या दिवशी ओठ दाबून. हिचं तोंड पांढरंफटक. चीफ पुढे आला. शर्ट धुतलेला होता. तो ढिगाशेजारी उभा राहिला, हात खाली सोडले आणि त्यांच्या भाषेत थोडंसं बोलला. उज्ज्वला आईच्या कानाशी वाकली आणि तिनं आपल्या मराठीत सांगितलं, 'आई, ते बोलतात, हे थोडं आहे, माफ करा. आमच्याकडे एवढंच आहे.'

मी हिच्याकडे बघितलं. तिचा उजवा हात मांडीवरून उठला आणि डाव्या हातातल्या बांगड्यांकडे गेला. बॅग घरी होती, बांगड्या अंगावर होत्या, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सोन्याच्या दोन, वडिलांनी केलेल्या. एक बांगडी हाताच्या पंज्यापर्यंत आली. मी तिचं मनगट धरलं. लग्नात भटजींनी धरायला लावलं होतं, त्यानंतर चारचौघांत मी तिचा हात धरलेला नव्हता. ती ओढत होती, म्हातारी असून जोर होता. मग तिनं समोर उभ्या माणसाकडे बघितलं. नीट बघितलं. आणि ओढायची थांबली.

मी सोडलं. ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. ढिगाला पुरी एक फेरी मारली, देवळात मारतात तशी. वरच्या चटईवर हात सपाट ठेवला आणि स्वच्छ मराठीत, शाळेत पोरांना ऐकू जायचा त्या आवाजात म्हणाली, 'पुष्कळ आहे. भरून पावलो आम्ही.'

उज्ज्वलाला त्याचं इंग्रजी येईना. ती म्हणाली, माझ्या आईचं पोट भरलंय. चीफनं मान डोलावली, म्हणजे ते बरोबरच होतं. आणि मग विहीणबाई मोठ्यानं हसल्या, हसता हसता रडल्या, येऊन हिच्या मांडीला मांडी लावून बसल्या. दोघी एका पानावर जेवल्या. ती बाई हिला घास करून देत होती आणि ही घेत होती. एकामागून एक घेत होती. मी मोजले नाहीत, पण मी दुसरं काही बघितलंही नाही.

बॅगा परत इल्फर्डला आल्या. बदलली वगैरे म्हणाल तर काही नाही. पुढच्याच आठवड्यात बसमध्ये संत्रं. पण त्या एका घराचं ती घेत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर विहीणबाई काही ना काही धाडायच्या, सुकवलेली केळी, टोपली, पंखा, आणि ही ते कपाटात मांडून ठेवायची, समोर खुर्ची घालून बसायची, अस्वस्थ व्हायची, आणि परत काही पाठवायची नाही. पोरीला दिवस गेले तेव्हापासून बोटांवर महिने मोजत होती. मूल झालं की द्यायची सूट होती ना. डोरीनला कौतुकानं सांगायची, माझे लोक आहेत तिकडे, मी त्यांचं घेते. डोरीन म्हणायची, मला शिकव. ते काही जमलं नाही.

त्या मंगळवारी मी पोरीला निरोप ठेवला. त्यांच्या गावात फोन लागत नाही, मागच्या टेकडीवर चढावं लागतं. सकाळी ती चढली तेव्हा तिला कळलं, इथे तेव्हा रात्र होती. तिचा फोन आला, रडत 'मी येते' म्हणाली. आठवा महिना, तिला कुठलं विमान घेत नाही. मग लाइन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी खाली आलो. तिकडे संध्याकाळचे सहा. मी फोन लावला. चीफनंच उचलला, पोरीचा फोन त्याच्या हातात होता. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. त्या बाबतीत मी हिच्याहून शहाणा नव्हतो, फक्त मी परतही काही देत नव्हतो. पाठ केलेलं बोललो. म्हटलं, मला एक मागायचंय. माझी पोरगी तिकडे एकटी रडत असेल. तिच्याजवळ कुणीतरी बसा.

तो म्हणाला, 'आम्ही बसलोय. सकाळपासून.'

पोरगी टेकडीवरून खाली यायला तयार नव्हती, माझा फोन येईल म्हणून. तेव्हा तिला जेवू घालायला विहीणबाई वर गेल्या, मग त्यांच्या जावा गेल्या, मग मुलं, मग कामावरून आलेले पुरुष. सगळं गाव चढून वर बसलं होतं. चीफ एवढं सांगून थांबला. त्यानं फोन बंद केला नाही, गवतावर ठेवला असावा, कारण मला तिकडचं सगळं ऐकू यायला लागलं. त्यांच्या बायका एका सुरात रडतात, गाणं म्हटल्यासारखं, एक थांबली की दुसरी उचलते. त्यात विहीणबाईंचा आवाज मी ओळखला. पोरीचाही ओळखला. मध्ये एक कोंबडा आरवला, भलत्या वेळी.

मी चहा टाकला. एक कप. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, खुर्ची जवळ ओढली, आणि त्यांच्यात बसलो.